रेडिओ लुवेयाची वाचा बसते तेव्हा

दुपारी एक वाजता न्यामांडांचा 'सांगावा' लागला की आफ्रिकेतल्या तलावाकाठच्या न्खाटा बे गावच्या बाजारात मासे विकणाऱ्या बायकांचे हात थांबत. कोण वारलं, कुणाची शेळी हरवली, उसिस्याची बोट आज सुटणार की वाऱ्यामुळे उद्यावर गेली, कुणाच्या लेकीच्या लग्नाला कुणी कुणी यायचंय, सगळं त्या अर्ध्या तासात कळायचं. न्यामांडा अठ्ठावन्न वर्षांच्या. त्यातली बावीस वर्षं त्यांनी शाळेत शिकवण्यात घालवली होती, त्यामुळे आवाज असा की शेवटच्या बाकावर डुलक्या घेणाराही ताठ बसावा. रेडिओ लुवेया म्हणजे न्यामांडा, असंच लोक धरून चालत. बाकीची गाणी आणि भाषणं ही त्यांच्या दोन 'सांगाव्यां'मधली विश्रांती.

ऑगस्टच्या अखेरीस हा रेडिओ एकाएकी मुका व्हायला लागला. तोही नेमका 'सांगावा' चालू असताना, एक वाजून दहा मिनिटांच्या आगेमागे. शब्द अर्ध्यावर तुटायचा आणि नुसती खरखर. सहा-सात मिनिटांनी पुन्हा आवाज यायचा, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं असे. एकदा न्यामांडा वाचत होत्या, "कांदे गावचे आदा काउंडा यांची काल सकाळी", आणि तिथंच वाचा बसली. कांदे गावात काउंडांच्या नातेवाइकांची बारा घरं. सगळे कामं टाकून, बायका डोक्याला फडकी बांधून, रडत तिथं पोचले, तर आदा, म्हणजे काउंडाबाबा, अंगणात बसून कसाव्याच्या पिठाचा गोळा, कोंडोवोले, खात होते. काल सकाळी त्यांची नवी होडी पाण्यात उतरली होती, एवढीच बातमी. त्या सगळ्यांना जेवायला घालावं लागलं, म्हणून काउंडा आठवडाभर रेडिओच्या नावानं बोटं मोडत होते.

रेडिओची यंत्रं सांभाळायला एकच माणूस होतं, सुझगो लोंग्वे. वय एकतीस. सुझगो म्हणजे कटकट. तिच्या जन्माच्या वर्षी घरात इतकं काही बिनसलं होतं की बापानं सरळ तेच नाव ठेवलं. ती स्वतः मात्र शांत स्वभावाची, हसऱ्या डोळ्यांची. कुठलंही यंत्र बिघडलं की त्याच्याशी पुटपुटत बोलायची तिला सवय होती. रेडिओकडे संगणक एकच. गाणी तोच लावायचा, माइकमधला आवाज टेकडीवरच्या मनोऱ्याकडे तोच पाठवायचा, आणि परदेशी गेलेल्या लोकांना इंटरनेटवरून रेडिओ ऐकवायचं कामही त्याच्याच गळ्यात. तो थिजला की सगळंच थिजायचं. पडद्यावरचा बाण हलत नसे, कोपऱ्यातलं घड्याळ पुढे सरकत नसे. बटण दाबून बंद करायचा, पुन्हा चालू करायचा आणि वाट पाहायची, एवढाच इलाज.

सुझगोनं आधी विजेवर संशय घेतला. वीज वेगळ्या वाटेनं आणली, तरी तेच. मग उकाड्यावर घेतला आणि पंखा संगणकाच्या तोंडाशी लावला. मग माइकची तार बदलली. मग संगणकाचं पोट उघडून आतली एक वाळलेली पाल काढली, आणि दोन दिवस सगळ्यांना वाटलं की सुटलो. तिसऱ्या दिवशी एक वाजून बारा मिनिटांनी रेडिओ पुन्हा गप्प.

तोवर बाजारानं आपलं निदान करून टाकलं होतं. म्हणे, न्यामांडांची जीभ जड झाली आहे. कुणी म्हणालं, इतकी वर्षं मेलेल्यांची नावं घेतली, त्यांच्यातलंच कुणीतरी आता तोंडावर हात ठेवतंय. लोक मयताच्या चिठ्ठ्या रेडिओकडे न आणता चर्चच्या कर्ण्याकडे नेऊ लागले. एका घरानं तर चिठ्ठीवरच लिहून पाठवलं, 'कृपया दुसऱ्या कुणी वाचावी.'

रेडिओचे प्रमुख आदा चिर्वा हे पोट सुटलेले, टाय लावणारे, मनानं चांगले पण घाबरट गृहस्थ. ते म्हणाले, "अमा, चार दिवस मी वाचून बघतो. तुम्ही जरा आराम करा."

"वाचा ना," न्यामांडा म्हणाल्या. "चष्मा घेऊन जा. मागच्या खेपेला तुम्ही बोकड म्हणायच्या ऐवजी बिशप म्हणाला होतात."

चिर्वांनी वाचलं. एक वाजून अकरा मिनिटांनी रेडिओ मुका झाला. बाजार म्हणाला, पाहा, बाईनं यंत्रावर पण करणी करून ठेवलीय.

त्या दिवशी न्यामांडांनी दुपारचा चहासुद्धा घेतला नाही. सुझगोनं त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी निघताना त्या एवढंच म्हणाल्या, "पोरी, खरं सांग. माझ्यामुळे काही होत असेल तर मी घरी बसेन. मला राग यायचा नाही."

"अमा, रविवारी आपला 'सांगावा' असतो ना?"

"असतो की."

"गेल्या सात रविवारी रेडिओ एकदाही बंद पडलेला नाही. मी वहीत बघितलं. तुमची जीभ रविवारी हलकी होते का?"

न्यामांडांनी बोटांवर रविवार मोजले. मग म्हणाल्या, "मग रविवारी कोण सुट्टीवर जातं?"

तो प्रश्न सुझगोच्या डोक्यात रात्रभर घोळत राहिला. सकाळी तिनं आपला जुना लॅपटॉप आणला आणि बाहेरून येणाऱ्या तारेच्या आणि संगणकाच्या मधे बसवला. काही करायचं नाही, येणारं-जाणारं सगळं फक्त लिहून ठेवायचं, नाक्यावरचा शिपाई गाड्यांचे नंबर उतरवून घेतो तसं. एक वाजून नऊ मिनिटांनी रेडिओ गप्प झाला. तिनं लॅपटॉप उचलला आणि आंब्याखालच्या बाकावर जाऊन बसली. शेवटच्या पानावर काय लिहिलंय ते वाचायला तिला तासभर लागला. मग दुसऱ्या दिवसाचं पान, मग तिसऱ्या. तिन्ही दिवशी संगणक थिजायच्या आधी अगदी शेवटी आलेली वस्तू एकच होती, आणि तिन्ही वेळा ती एकाच ठिकाणाहून आली होती.

चौथ्या दिवशी तिनं अडगळीतला एक जुना संगणक पुसून टेबलावर मांडला, त्यात रेडिओच्या संगणकात होतं तेच सगळं भरलं, आणि न्यामांडांना हाक मारली.

"अमा, ह्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बघत राहा."

न्यामांडा चष्मा सावरून बसल्या. सुझगोनं लॅपटॉपवर एक कळ दाबली. समोरच्या पडद्यावरचं घड्याळ दहा वाजून चार मिनिटं बावीस सेकंदांवर थांबलं.

"बंद पडलं," न्यामांडा म्हणाल्या.

"पडलं."

"परत कर."

सुझगोनं संगणक पुन्हा चालू केला, पुन्हा कळ दाबली. घड्याळ पुन्हा थांबलं. ती खुर्चीत मागे टेकली आणि तिला हसू आवरेना. सात आठवडे जे भूत सगळ्यांना नाचवत होतं ते आता तिच्या बोटाखाली होतं, आणि बोलावलं की येत होतं.

"मला समजेल असं सांग," न्यामांडा म्हणाल्या.

"लांबून येणारा मजकूर मोठा असला की वाटेत त्याचे तुकडे करतात. प्रत्येक तुकड्यावर लिहिलेलं असतं, माझी जागा कुठली. इथं पोचले की संगणक ते ओळीनं जुळवतो. आता हा तुकडा बघा. ह्यावर जागा लिहिलीय, पण आत काहीच नाही. नुसतं रिकामं पाकीट. आपला संगणक ते पाकीट लावतो आणि त्याच्या लांबीइतका पुढे सरकायला जातो. पण लांबी शून्य. म्हणून तो असतो तिथंच राहतो. समोर बघतो तर तेच पाकीट. परत लावतो. परत तिथंच. बाकीची सगळी कामं सोडून तो तेवढंच करत बसतो."

"माझ्या वर्गात होता असा एक. मोजताना सातावर अडकायचा. सात, सात, सात. खांद्यावर हात ठेवला की पुढे जायचा."

"ह्याच्या खांद्यावर हात ठेवायचं कुणाला सुचलेलं नाही. बनवणाऱ्यांनाही नाही."

"म्हणजे माझी जीभ जड नाही."

"तुमच्या जिभेचा ह्यात काडीचाही संबंध नाही, अमा."

"हे मला लिहून दे. सही करून."

सुझगोनं खरंच कागद घेतला. पण लिहिता लिहिता तिचा हात थांबला. हा दोष रेडिओच्या संगणकाचा नव्हता. तो ज्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालत होता, तिच्या पोटात होता. आणि तीच सिस्टिम जगभरच्या लाखो यंत्रांत बसलेली होती. दवाखान्यांत, बँकांत, बंदरांवर. एवढंसं रिकामं पाकीट, आणि ते कुणालाही पाठवता येण्यासारखं. तिच्या हसण्यातला थोडा वारा निघून गेला.

आदा चिर्वांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी टाय सैल केला. "कुठून येतंय हे?"

"पत्ता दक्षिण आफ्रिकेतला दिसतो."

"जोनीहून," चिर्वा हळूच म्हणाले; दक्षिण आफ्रिकेला तिथं सगळे जोनीच म्हणत. "म्हणजे जोनीला बसून कुणीतरी आपल्यावर हल्ला करतंय." त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती, पण तिच्या कडेनं एक अभिमानही चढत होता. "आपल्यावर. म्हणजे आपण तेवढे मोठे झालो म्हणायचं."

ते पोलिसांना आणि मंत्रालयाला पत्र लिहायला बसले. सुझगोला काही ते पटेना. हल्ला करणारा माणूस रविवारची सुट्टी का घेईल? आणि रोज जेवणाच्या वेळेलाच का येईल? काहीतरी सुचल्यासारखं होऊन तिनं टेबलाच्या खणातला रेडिओचा फोन काढला. श्रोत्यांनी निरोप पाठवायचे तो हा फोन. तो चिर्वांच्या ताब्यात असे, आणि न वाचलेले निरोप दोनशे बारा होते.

त्यातले एकेचाळीस एकाच माणसाचे.

'आज पण बंद. लामेक म्फांडे, उसिस्याचा.' एक वाजून चौदा मिनिटं. 'आज सुरुवातीचं एक वाक्य ऐकू आलं, मग बंद. लामेक.' एक वाजून तेरा. 'मी लावला की तुम्ही बंदच करता. काही चुकलं का माझं?' 'न्यामांडा बऱ्या आहेत ना? एवढं तरी कळवा.' आणि शनिवारचा एक: 'उद्या चर्चला जायचं आहे म्हणून ऐकता येणार नाही. सोमवारी बघतो.'

सुझगोनं वही शेजारी ठेवली. रेडिओ मुका झाल्याची वेळ आणि त्यानंतर दोन-तीन मिनिटांत लामेकचा निरोप, एकेचाळीसच्या एकेचाळीस वेळा. रेडिओ लुवेयावर हल्ला करणारा माणूस म्हणजे रेडिओ लुवेयाचा सगळ्यांत निष्ठावान श्रोता होता.

तिनं फोन लावला.

"कोण?" पलीकडून वारा आणि कसलीशी कुरकुर ऐकू येत होती.

"रेडिओ लुवेयातून बोलतेय, आदा. सुझगो लोंग्वे."

वाऱ्यातून हत्यार खाली ठेवल्याचा खणखणाट झाला. मग आवाज आला, "लोंग्वे? शाळेमागच्या की बंदरावरच्या?"

"बंदरावरच्या."

"तुझा आजा माझ्या बापाच्या होडीतून पडला होता. येवो, मुली, आभार. इतक्या दिवसांनी वाचलंत का माझं?"

लामेक म्फांडे एकसष्ट वर्षांचा, दक्षिण आफ्रिकेतल्या कारूच्या माळावर मेंढ्यांच्या एका मोठ्या शेतावर पंप दुरुस्त करायचा. तिथं त्याला एकवीस वर्षं झाली होती. इंटरनेट होतं ते मालकाच्या कचेरीत, टेकडीवर. पंपघर खाली, तीन किलोमीटर. जूनमध्ये कचेरीतली इंटरनेटची एक जुनी पेटी फेकून द्यायला काढली होती. ती त्यानं उचलली, पवनचक्कीच्या खांबावर बांधली, आणि वरचं इंटरनेट खाली पंपघरात आणलं.

"मोठं काही खाली येत नव्हतं," तो सांगत होता, आणि आवाजात कारागिराचा तोरा होता. "मग ऑगस्टच्या अखेरीस मी पेटीत शिरून तुकडे बारीक करायला लावले. अगदी बारीक. तेव्हापासून हवामान येतं, मेंढ्यांचे भाव येतात, सगळं येतं. फक्त तुमचा रेडिओ येत नाही."

सुझगोनं वही मिटली. तिनं हळूहळू, सांभाळून सांगितलं. पेटी जुनी आहे, तुकडे करताना कधी कधी एक रिकामं पाकीट सोडते, आणि ते पाकीट इथं पोचलं की काय होतं ते.

पलीकडे कुरकुर चालूच होती. "म्हणजे," लामेक शेवटी म्हणाला, "मी ऐकायला बसलो की रेडिओ बंद पडतो."

"हो, आदा."

"सगळ्यांचा?"

"सगळ्यांचा."

"सात आठवडे मीच अख्ख्या जिल्ह्याचा 'सांगावा' बंद पाडतोय?" आणि मग तो हसायला लागला. ते हसणं खोकल्यात गेलं, खोकल्यातून परत हसण्यात आलं. "आमच्या म्हातारीला सांगू नकोस. ती म्हणायची, लामेक, तू जिथं बसशील तिथली शेगडी विझते."

चिर्वांचं म्हणणं सोपं होतं. इंटरनेटची तार देणाऱ्या कंपनीला सांगायचं, असे फाटके तुकडे आमच्याकडे पाठवूच नका. सुझगोनं चार वेळा फोन केला तेव्हा कंपनीनं ते केलं, आणि त्या दिवसापासून रेडिओ एकदाही मुका झाला नाही. लामेकचे तुकडे वाटेतच टाकून दिले जाऊ लागले.

"झालं तर मग," चिर्वा म्हणाले. "पत्र पाठवायची पण गरज नाही."

"आदा, दार लावून घेतलंय, पण भिंतीतलं भोक तसंच आहे. आपल्याकडे आणि सगळ्यांकडे. आणि त्या माणसाचं काय?"

"एकच तर माणूस आहे, न्यालोंग्वे," चिर्वा म्हणाले; बाईच्या आडनावाला तिथं असं 'न्या' लावत.

"एकच म्हणूनच म्हणतेय. एकेचाळीस वेळा प्रयत्न करणारा दुसरा आहे का आपल्याकडे?"

चिर्वांनी टायशी चाळा केला आणि गप्प बसले. ते गप्प बसले म्हणजे कर तुला काय करायचं ते, असा तिथला रिवाज होता.

सुझगोनं त्या सिस्टिमची निगा राखणाऱ्या लोकांना पत्र लिहिलं. ही मंडळी कुठल्या एका देशात नव्हती, जगभर विखुरलेली. तिनं तुकड्यांची नोंद जोडली, जुन्या संगणकावर कसं करून पाहिलं ते लिहिलं, आणि दोनदा वाचून पाठवून दिलं. आपण कोण, कुठल्या, तलावाकाठच्या रेडिओवरच्या. तिला वाटलं, कुणी वाचणारही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं. प्रागहून ओंद्रेय नावाच्या माणसानं लिहिलं होतं. तुमच्या नोंदीवरून आम्ही इथली तीन यंत्रं पाडून पाहिली, तिन्ही पडली. हा दोष नऊ वर्षं कुणाला दिसला नव्हता. तुम्ही इतकं नीट लिहून पाठवलंत त्याबद्दल मनापासून आभार. दुरुस्ती तयार करून सगळीकडे पोचवायला तीन आठवडे लागतील. तोवर कृपया हे कुणालाही सांगू नका.

सुझगोनं पत्र चारदा वाचलं. मग तिला शेवटच्या ओळीचा अर्थ नीट लागला आणि तिनं दाराकडे पाहिलं. दारात न्यामांडा उभ्या होत्या, हातात तिनं सही करून दिलेला कागद.

"आज 'सांगाव्यात' वाचते हे," त्या म्हणाल्या.

"अमा, तीन आठवडे थांबावं लागेल."

"का म्हणून?"

"तुमच्या घराची कडी मोडलीय. सुतार तीन आठवड्यांनी येणार. तुम्ही बाजारात उभं राहून ओरडाल का, की माझी कडी मोडलीय म्हणून?"

"माझी एकटीची असती तर ओरडले नसते."

"ही सगळ्यांची आहे. दवाखान्यांची पण."

न्यामांडा खुर्चीत बसल्या. कागदाची घडी केली, परत उलगडली, परत घडी केली. "माझ्या पोटात काही राहत नाही हे अख्ख्या जिल्ह्याला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून तर मला ही नोकरी मिळाली."

"तीनच आठवडे."

"बाजार मला चेटकीण म्हणतोय आणि मी तीन आठवडे हसत भाजी घ्यायची." त्यांनी घडी केलेला कागद पोलक्यात खोचला. "बरं. पण त्या उसिस्याच्या माणसाला तोवर ऐकवायचं काहीतरी बघ. रेडिओ माझ्यामुळे बंद पडला नाही, पण तो माझ्याचसाठी ऐकायला बसायचा ना."

सुझगोनं साधा उपाय काढला. एक वाजून पाच मिनिटांनी लामेकला फोन लावायचा आणि फोन न्यामांडांच्या माइकशेजारी उताणा ठेवायचा. त्यानं कानाला लावून ऐकायचं. अट एकच, बोलायचं नाही, कारण बोललं तर ते सगळ्यांना ऐकू जाईल. लामेकनं वचन दिलं. दोन दिवस ते पाळलंही.

तिसऱ्या दिवशी न्यामांडा वाचत होत्या, "उसिस्याच्या न्यामखाझा यांचं काल निधन झालं. त्यांच्यामागे दोन मुलगे आणि दोन मुली आहेत."

"तीन मुली," माइकशेजारून आवाज आला.

न्यामांडा थांबल्या. काचेपलीकडे चिर्वांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

"तिसरी टांझानियात आहे," फोन म्हणाला. "चिठ्ठी मोठ्या भावानं लिहिली असणार. त्याचं आणि तिचं पटत नाही. पण आई तिची पण होती."

चिठ्ठीवर पेनाची एक रेघ ओढली गेली. मग न्यामांडा आपल्या वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "दोन मुलगे आणि तीन मुली. चूक सुधारल्याबद्दल आभारी आहोत. पुढची बातमी."

दुपारनंतर फोन वाजायचा थांबेना. हा कोण बोलला? उसिस्याचा म्फांडे? पंपवाला? जिवंत आहे का तो? दुसऱ्या दिवशी टांझानियातून त्या तिसऱ्या मुलीचा निरोप आला. तिला दुसऱ्या कुणाकडून नाही, ह्याच बातमीवरून आई गेल्याचं कळलं होतं, आणि ती बसमध्ये बसली होती. त्यानंतर लामेकला गप्प राहायला सांगायची चिर्वांची छाती झाली नाही. त्याला सगळ्यांची घराणी तोंडपाठ होती. हरवलेल्या शेळीचा रंग ऐकून ती कुणाच्या कळपातल्या वाणाची असेल हे तो अडीच हजार किलोमीटरांवरून सांगायचा, आणि न्यामांडा म्हणायच्या, "आदा, तुम्ही पंप बघा, शेळ्या आमच्या आम्ही बघू." लोक आता खास ह्या दोघांची जुगलबंदी ऐकायला रेडिओ लावायचे. आणि रेडिओ बंद पडत नव्हता, म्हणून बाजारानं नवं निदान काढलं होतं: न्यामांडांनी मोठी प्रार्थना करवून घेतली.

"फुकटात पवित्र झाले," न्यामांडा सुझगोला म्हणाल्या. पण पोलक्यातला कागद त्या रोज चाचपून बघायच्या.

विसाव्या दिवशी ओंद्रेयचं पत्र आलं. दुरुस्ती निघाली आहे, यंत्रावर चढवा. सोबत दुरुस्ती कशी आहे तेही होतं. चिर्वांनी ते चष्मा लावून पाहिलं.

"ह्यात नवीन काय आहे?"

"ह्या दोन ओळी. पाकीट रिकामं असेल तर टाकून द्या आणि पुढे जा."

"दोन ओळी?" चिर्वा म्हणाले. "काउंडाच्या अंगणात बारा घरं रडत आली, आणि दोन ओळी?"

ओंद्रेयनं असंही विचारलं होतं की हा दोष शोधणाऱ्याचं नाव नोंदीत घालायचं आहे, ते कसं लिहू. सुझगोनं दोन नावं कळवली. स्वतःचं, आणि लामेक म्फांडे, पंप कारागीर. ओंद्रेयनं एका शब्दानंही का म्हणून विचारलं नाही, दोन्ही घातली.

दुरुस्ती चढवल्यावर सुझगोला वाटत होतं की आधी संध्याकाळी, कुणी ऐकत नसताना, तपासून बघावं. न्यामांडा ऐकेनात. "सगळ्यांसमोर माझी वाचा बसली. आता बसत नाही हे पण सगळ्यांसमोरच दिसू दे." कंपनीला फोन करून फाटक्या तुकड्यांवरची बंदी उठवली. एक वाजता 'सांगावा' सुरू झाला. एक वाजून पाच मिनिटांनी लामेकचा फोन माइकशेजारी ठेवला, आणि सुझगोनं त्याला सांगितलं, "आदा, आता पंपघरातून लावा."

तिचे डोळे पडद्याच्या कोपऱ्यावर होते. एक वाजून आठ. नऊ. लॅपटॉपवर तुकडे येताना दिसले, बारीक बारीक, आणि त्यांच्यात ते रिकामं पाकीट. तिनं बोट बटणावर ठेवलं. घड्याळाचा सेकंद पुढे सरकला. मग त्याच्या पुढचा. न्यामांडा उसिस्याच्या बोटीची वेळ सांगत होत्या आणि सांगतच राहिल्या.

"येतंय," लामेक फोनमध्ये म्हणाला. "अमा, तुम्ही येताय." मग त्यानं स्पीकरचा आवाज वाढवला.

इंटरनेटवरचा आवाज अर्ध्या मिनिटानं मागे असतो, हे त्याला सांगायचं सुझगो विसरली होती. थोड्या वेळानं त्याला पंपघरातल्या स्पीकरमधून कुणीतरी म्हणताना ऐकू आलं, 'येतंय, अमा, तुम्ही येताय.'

"हा कोण मधे बोलतोय?" लामेकनं विचारलं.

"तुम्हीच," न्यामांडा म्हणाल्या.

"मी असा बोलतो?"

"ह्याहून वाईट. फोननं जरा सुधारतंय."

काचेपलीकडे चिर्वा पोट धरून हसत होते. टाय खांद्यावर गेला होता.

मग न्यामांडांनी समोरच्या चिठ्ठ्या बाजूला सारल्या, पोलक्यातून तो चुरगळलेला कागद काढला, आणि उरलेली पंधरा मिनिटं दुसरं काही वाचलं नाही. तुकडे, रिकामं पाकीट, सातावर अडकणारा पोरगा, कारूची पवनचक्की, प्रागची पत्रं, नऊ वर्षं कुणाला न दिसलेलं भोक आणि ते बुजवणाऱ्या दोन ओळी, सगळं त्यांनी जिल्ह्याला शिकवलं, मधे मधे थांबून, समजलं का असं विचारत. शेवटी सुझगोची सही मोठ्यानं वाचून दाखवली. दोन शेळ्या आणि एक साखरपुडा दुसऱ्या दिवशीवर गेला.

संध्याकाळी सुझगो बाजारात उसिपा घ्यायला गेली. नेहमीच्या बाईनं मासे कागदावर ओतले, वर आणखी एक मूठ टाकली.

"ऐकलं बरं का आज," ती म्हणाली. "सगळं ऐकलं. छान सांगितलं न्यामांडांनी."

"मग समजलं ना, काय झालं होतं?"

"समजलं की. ती पाकिटं-बिकिटं आली असतील." बाईनं पुडी बांधून तिच्या हातात दिली आणि आवाज खाली आणला. "पण ती प्रार्थना कुणाकडून करवून घेतली, ते नाही सांगितलं हं त्यांनी."

सुझगोनं पुडी पिशवीत टाकली. क्षणभर तिला वाटलं, बसावं इथंच आणि पहिल्यापासून परत समजावून सांगावं. पण तलावावरून गार वारा सुटला होता, होड्या परतत होत्या, आणि भूक कडकडून लागली होती.

"मलाही नाही सांगितलं," ती म्हणाली, आणि घराकडे निघाली.